खांद्यापासून आसनापर्यंत

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, जंपसूटचा वरचा भाग आणि विजार कमरेत जोडायला इतके दिवस कसे लागले, असे तू विचारले होतेस. लागले, कारण छाती, कंबर आणि नितंब यांची मापे मी काळजीपूर्वक घेतली, पण ज्यावर सारा जंपसूट अवलंबून असतो ते धडाच्या उंचीचे माप घाईघाईतच उरकले. जुन्या चादरीचा कच्चा नमुना धावदोऱ्याने जोडून अंगात घातला, तेव्हा आरशात तो उत्तम दिसत होता. मात्र खुर्चीवर बसताक्षणी विजारीचे आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, वर ओढले गेले, खांदे दाबले गेले आणि पाठीवरचा धागा तटकन तुटला. सदरा आणि विजार वेगवेगळी असली की सदरा वर सरकतो, विजार खाली सरकते आणि मापातली चूक झाकली जाते; इथे दोघांनाही सरकायला जागा नसते.

मग मी मेजपट्टी खांद्यावरून पुढून खाली, दोन्ही पायांमधून मागे नेऊन पुन्हा त्याच खांद्यावर आणली आणि ते माप कागदी नमुन्याशी ताडून पाहिले. नमुना अंगाएवढाच निघाला. बसण्या-वाकण्यासाठी त्यात सैलपणा असा नव्हताच. 5 सेंमी वाढवायचे ठरवून तो कमरेत आडवा कापला आणि मध्ये पट्टी घातली: मागे मध्यावर 3.5 सेंमी, कुशीला 2.5 आणि पुढे मध्यावर 1.5, कारण वाकताना लांबी पाठीलाच जास्त लागते. नुसते आसन खोल करून भागवण्याचा मोह झाला होता; तसे केले असते तर बसता आले असते, पण उभे राहिल्यावर ते लोंबले असते आणि चालताना मांड्यांत अडकले असते.

शिवताना आधी दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी घातल्या, मग सुलट केलेला एक पाय उलट्या पायात सरकवून आसनाची शिवण एका दमात, दुहेरी मारली. कुशीला तू सांगतेस तशी भरपूर माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जादा कापड, ठेवली आहे. पाठीची चेन दोनदा उसवावी लागली, त्याविषयी न लिहिलेले बरे.

बाबा, तुम्ही याला कारखान्यातली डांगरी म्हणालात, ते फारसे चुकीचे नाही. इटलीतील थायाट या कलावंताने 1919 मध्ये ‘तूता’ नावाचा असाच अखंड पोशाख आखला आणि लोकांना तो घरी शिवता यावा म्हणून त्याचा नमुना 1920 मध्ये फ्लॉरेन्सच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. डांगरीला इटालियन भाषेत आजही तूताच म्हणतात.

आईसाठी चेनऐवजी पुढे बटणपट्टी असलेला एक शिवायचा आहे. तिची मापे तुम्हीच घ्या: खांद्यापासून पायांमधून पुन्हा त्याच खांद्यापर्यंतचे ती उभी असताना, आणि कमरेपासून बैठकीपर्यंतचे ती कडक खुर्चीवर बसलेली असताना. त्या वेळी तिला पोट आत ओढू देऊ नका.

तुमची लेक