जॉन आणि सुझॅना मूडी यांचा रानातला संसार

टोरांटो

प्रिय वसंतास,
सप्रेम नमस्कार.

एका जागी न रमणाऱ्या नवराबायकोने उत्तरेच्या रानात संसार मांडावा का, असे तू थट्टेनेच विचारले असशील. पण गेल्या रविवारी लेकफील्डला ओटोनाबी नदीच्या काठाने हिंडून आल्यापासून इंग्लंडहून इथे येऊन राहिलेली लेखिका सुझॅना मूडी आणि तिचा नवरा जॉन माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून उत्तर त्यांच्याच हकिकतीने देतो.

भिंगरी होती ती जॉनच्या पायाला. सैन्यातून बाहेर पडल्यावर त्याने दक्षिण आफ्रिकेत वस्ती केली, १८३१ मध्ये सुझॅनाशी लग्न केले आणि पुन्हा तिकडचेच बेत मांडू लागला. परंतु तिथल्या श्वापदांची तिला धास्ती, म्हणून १८३२ मध्ये दोघे कॅनडात आली. लांडग्या-अस्वलांचा हा मुलूख तिने कसा पत्करला, देव जाणे!

कोबर्गजवळच्या पहिल्या शेतावर जम बसेना, तेव्हा १८३४ मध्ये दोघे उत्तरेला, लेकफील्डजवळच्या डूरोच्या अरण्यात गेली. सुझॅनाचा भाऊ सॅम्युअल आणि बहीण कॅथरीन तिथे आधीच राहत होते. झाडे तोडायची, ओंडके जाळायचे आणि बुंध्यांमधल्या मातीत पेरायचे, अशी ती शेती. ओंडके रचायला शेजारीपाजारी जमत, म्हणजे आपली इर्जिकच. मात्र तिथे व्हिस्कीचा पूर येई आणि रांधून वाढणाऱ्या सुझॅनाला तो सगळा प्रकार नकोसा होई. त्यातच जॉनने सैन्याची अर्धपगारी, म्हणजे सेवेबाहेरच्या अधिकाऱ्याला मिळणारा अर्धा पगार, विकून आगबोटीचे शेअर घेतले आणि ते पैसे पाण्यात गेले. मग डँडेलियन या रानरोपाची मुळे भाजून केलेल्या कॉफीवर भागवणे आले.

१८३७ मध्ये इथे सरकारविरुद्ध झालेल्या बंडानंतर जॉन सरकारी पलटणीत गेला आणि रान तिच्या एकटीच्या अंगावर पडले. दिवसा शेत आणि मुले, रात्री माँट्रियलच्या मासिकासाठी लेखन. शिवाय झाडांवरच्या कठीण अळंब्यांवर पाखरे-फुलपाखरे रंगवून ती विकायची. पण मला तिचे सर्वांत मोठे धाडस वाटते ते निराळेच: नवऱ्याला कळू न देता तिने थेट प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांना पत्र लिहून त्याला नोकरीत ठेवण्याची विनंती केली. जॉनला आधी पलटणीच्या पगारवाटपाचे काम आणि १८३९ मध्ये बेलव्हिल गावी शेरीफचे, म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे, पद मिळाले. आयुष्यभर नवे मुलूख शोधत फिरणाऱ्या त्या माणसाला खुर्चीवर बसवले ते बायकोच्या एका चोरट्या पत्राने, असे मी तरी मानतो.

आणि गंमत अशी, की १८४० च्या हिवाळ्यात बर्फावरच्या गाडीत बिऱ्हाड भरून निघायची वेळ आली, तेव्हा सुझॅनाचाच पाय निघेना. वय अवघे छत्तीस, पण केस पिकू लागलेले, हात राबून राठ झालेले. आपण दुप्पट वयाच्या दिसतो, आता शहरातल्या माणसांत कोणत्या तोंडाने जायचे, अशी तिची लाज होती.

हे पत्र वहिनींनाही वाचायला दे. त्यांचे म्हणणे मात्र तू कळवू नकोस, त्यांच्याच अक्षरात येऊ दे.

तुझा,
अनंत