मावश्यांना शिकवण्याआधी: चि. मेघनास

कराड
शुक्रवार, रात्री

चि. मेघनास अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारपासून ब्यूरोतून घरोघरी रुग्ण सांभाळायला जाणाऱ्या मावश्यांची तुझी पहिली बॅच सुरू होतेय, हे तू परवा फोनवर सांगितलंस आणि त्याच फोनवर दोनदा खोकलीस. ‘दम्याचा पंप घेतेस ना?’ एवढंच विचारलं, तर ‘आई, मी नर्स आहे’ म्हणून फोन ठेवलास. असो. भांडायला पत्र लिहीत नाही. नेब्युलायझर (औषधाचं धुकं करणारं मशीन) आणि पंप शिकवायला तू मागितलेली टिपणं लिहून देतेय. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाइप करणं मला जमत नाही, आणि बाबा फोनला बोलून लिहायला गेले तर त्याने नेब्युलायझरचं भलतंच काही केलं.

मशीनला हात लावायच्या आधी कागद. कुणाला द्यायचं, औषध कोणतं, मात्रा किती, दिवसातून किती वेळा, आणि ‘लागेल तसं’ असेल तर जास्तीत जास्त किती वेळा, हे डॉक्टरांनी लिहिलेलं हवं. सुनेने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलेलं चालत नाही. मावशीने औषध ठरवायचं नाही. दिलेलं बरोबर द्यायचं आणि बिघडतंय हे वेळेत ओळखायचं, एवढं तिचं काम, आणि तेही थोडं नाही.

सगळ्यात जास्त वेळ बाटलीवर घालव. श्वासनळ्या उघडणाऱ्या अस्थालिनचं रेस्पिरेटर सोल्युशन, म्हणजे नेब्युलायझरमध्ये घालायचं औषध, १५ मिलीच्या बाटलीत येतं, त्याच्या १ मिलीत ५ मिग्रॅ औषध. मोठ्या माणसाला २.५ मिग्रॅ लिहिलं असेल तर अर्धा मिली औषध आणि त्यात २ मिली सलाईन. रेस्प्यूलमध्ये, म्हणजे एका वेळेच्या प्लास्टिकच्या कुपीत, तेच २.५ मिग्रॅ औषध २.५ मिलीत पातळ करूनच येतं, ती अख्खी ओतायची. आता मावशीला रेस्प्यूलची सवय आहे, दुकानात ती नाही म्हणून मुलाने बाटली आणली. ‘अडीच’ हा आकडा तिच्या डोक्यात पक्का असतो, म्हणून ती बाटलीतलं अडीच मिली मशीनच्या कपात ओतते. झाले साडेबारा मिग्रॅ, पाचपट. हात थरथरतात, छाती धडधडते, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हृदयाचं दुखणं असलेल्या आणि लघवीच्या गोळीवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते झेपत नाही. फळ्यावर मिली-मिग्रॅची गणितं मांडून काही होणार नाही. रिकाम्या बाटलीत रंगीत पाणी भर, प्रत्येकीच्या हातात बिनसुईची १ मिलीची सिरिंज दे आणि ०.५च्या रेघेपर्यंत ओढून दाखवायला लाव. बुडबुडा राहिला तर परत. आणि भरलेली सिरिंज टेबलावर ठेवून दार उघडायला जायचं नाही, आधी कपात रिकामी करायची. नाव नसलेली भरलेली सिरिंज दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तर ती टोचलीही जाऊ शकते.

रेस्प्यूलचंही तसंच. ड्युओलिन (नळ्या उघडणारं), बुडेकॉर्ट (सूज उतरवणारं स्टेरॉइड), साधं सलाईन, सगळ्या दिसायला पारदर्शक प्लास्टिकच्या छोट्या कुप्या, आणि नाव बऱ्याचदा त्याच प्लास्टिकवर उठवलेलं. रात्री दोनला झीरोच्या दिव्यात ते वाचता येत नाही. मोठा दिवा लावायचा, नाव आणि तारीख मोठ्याने वाचायची, मगच कुपीचं डोकं पिरगळायचं. बुडेकॉर्टची कुपी आधी हलवून घ्यायची, औषध तळाशी बसलेलं असतं. उरलेल्या कुप्या त्यांच्या चंदेरी पाकिटातच राहू देत.

पातळ करायला सलाईनच. फिल्टरचं पाणी नाही, उकळून गार केलेलं नाही, इन्व्हर्टरचं डिस्टिल्ड वॉटर तर नाहीच. नुसत्या पाण्याचं धुकं छातीत गेलं की श्वासनळ्या आवळतात, म्हणजे आराम द्यायला बसलो आणि दम वाढवून उठलो. कुणी ना कुणी निलगिरीचा थेंब टाकू का म्हणून विचारेलच. रागावू नकोस. तेल फुप्फुसात गेलं तर काय होतं ते सांग.

रुग्णाला बसवायचं, पाठीला टेकू देऊन, ताठ. आडवं ठेवून दिलं तर औषध खालपर्यंत पोचत नाही. कपही उभाच धरायचा, तिरका झाला की धुकं बंद पडतं आणि मशीन नुसतंच घरघरत राहतं. तुझ्या मावश्या मशीनचा आवाज चालू म्हणजे औषध चालू असं समजतील. नजर धुक्यावर ठेवायला शिकव. साधारण १० मिनिटांत फुरफुर सुरू होते, तेव्हा कपाला दोन टिचक्या मारायच्या, भिंतीला चिकटलेले थेंब खाली येतात, आणखी थोडं निघतं. पंधरा-वीस मिनिटं होऊनही संपत नसेल तर कप चोंदलाय, नळी सुटलीय किंवा फिल्टर काळा झालाय.

आक्का नेहमी झोपूनच घ्यायची, आठवतंय? बसवलं की ‘मला काय कीर्तनाला बसवताय’ म्हणायची. तिने आयुष्यात विडीला हात लावला नाही. सगळा जन्म चुलीपुढे गेला, ओली लाकडं, फुंकणी आणि ते बिनखिडकीचं स्वयंपाकघर. तुला तिच्या कुशीत झोपायची सवय, आणि तिचा श्वास वाजायला लागला की तू उठून बसायचीस. तेव्हापासून मला तुझ्या छातीची धास्ती आहे. बरं, ते राहू दे.

मास्क की तोंडातली नळी? माणूस शुद्धीवर असेल, ओठ घट्ट मिटू शकत असेल तर नळीच बरी. ड्युओलिनमध्ये इप्राट्रोपियम असतं. सैल मास्कच्या कडेने ते डोळ्यांत गेलं तर बाहुली मोठी होते, आणि काचबिंदू असलेल्याचा डोळा एकाएकी दुखून लाल होऊ शकतो. म्हणून काचबिंदू आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारून कागदावर लिहायला लाव. घरचे काचबिंदू आणि मोतीबिंदू यांची हमखास गल्लत करतात, थेंबाची बाटली बघितलेली बरी. बुडेकॉर्टनंतर चूळ भरून थुंकायची, कवळी काढून धुवायची, मास्क लावला असेल तर तोंडही पुसायचं. नाहीतर आठवड्याभरात जिभेवर पांढरे चट्टे येतात, जेवण तिखट लागतं आणि आजी जेवेनाशा झाल्या म्हणून घरचे टॉनिक शोधत बसतात.

आता ऑक्सिजन. सीओपीडीचा (फुप्फुसांचा जुनाट आजार, श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात) रुग्ण असेल तर नेब्युलायझर हवेच्या कॉम्प्रेसरवर. घरात सिलिंडर आहे म्हणून त्याला कप जोडायचा नाही. अशा काही रुग्णांना जास्त ऑक्सिजनने अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोकं दुखतं, गुंगी येते, आणि मावशीला वाटतं बाई शांत झोपल्या. त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के ऑक्सिजन लिहितात. तेवढं दिसत असेल तर ते बरोबर आहे, ९८ करायला जायचं नाही. नाकाला नळी लावून ऑक्सिजन चालू असेल तर ठरलेल्या लिटरवर तो चालू ठेवून वरून हवेवरचं नेब्युलायझर द्यायचं. ५ लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला कप जोडून उपयोग नाही, तेवढा दाबच नसतो. ऑक्सिमीटर लावताना मेंदी, नेलपॉलिश आणि गार पडलेली बोटं बघायची. आकडा विचित्र आला तर बोट चोळून परत.

पंपाकडे येते. तिथे मी जरा लांबण लावणार, आधीच सांगते.

रंगावर शिकवू नकोस. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, दुकानदाराने कंपनी बदलली की सगळं शिकवलेलं वाया. नाव वाचायचं. झाकण काढून आत काही अडकलंय का बघायचं. नवा किंवा बरेच दिवस पडून असलेला पंप आधी हवेत दोनदा मारायचा. मग हलवायचा, स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंडामधल्या पोकळ डब्याला, लावायचा, एक पफ, पाच-सहा सावकाश श्वास. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून. स्पेसरमध्ये एकदम दोन मारले की औषध भिंतीलाच चिकटतं. स्पेसर नसेल तर श्वास पूर्ण सोडायचा, हळू आत घेताना दाबायचं आणि दहापर्यंत आकडे मोजत श्वास धरायचा. म्हाताऱ्या माणसांना हे साधत नाही, म्हणून स्पेसरचा आग्रह धर. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने चोळला की त्यात स्थिर वीज येते आणि औषध कडेला ओढलं जातं.

रोटाहेलरचं, म्हणजे कॅप्सूलमधली पावडर ओढून घ्यायच्या साधनाचं, अगदी उलट. कॅप्सूलचं पारदर्शक टोक आधी त्या चौकोनी भोकात, तळ फिरवायचा, फुंकर आत न मारता जोरात खेचायचं. मग उघडून पावडर उरली का ते बघायचं, उरली असेल तर परत खेचायचं. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक तुला भेटतील, हसू नकोस, पाकीट गोळ्यांच्या डब्यात ठेवलेलं असतं म्हणून ते गिळतात. डबा वेगळा करायला लाव.

पंपात औषध किती उरलंय हे बघायला तो पाण्यात टाकून तरंगवायचा नाही. त्याने काही कळत नाही. काउंटर नसेल तर उघडल्याची तारीख पंपावर लिहायची आणि हिशेब करायचा. १२० पफचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे ३० दिवसांत संपायला हवा.

हा हिशेब तुझाही केलाय मी. गणपतीत इथे उघडलेला तुझा रोजचा पंप दिवाळीत तुझ्या पर्समध्ये होता, काउंटरवर अजून ८६ शिल्लक. पर्स उघडली म्हणून चिडशील, चीड. त्याच पर्समध्ये अस्थालिनचा पंप मात्र नवा होता. मेघना, दम्यात नुसत्या अस्थालिनवर राहू नये हे ‘जीना’ या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शनात २०१९ पासून स्पष्ट लिहिलंय, तूच मला ते छापून आणून दिलंस. अस्थालिन नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. वरून बरं वाटतं म्हणून माणूस फसतो आणि एखाद्या रात्री अचानक अडकतो. हे तू सोमवारी त्यांना सांगशील, छान सांगशील, मला माहीत आहे.

झालं, लेक्चर दिलंच. माफ कर. शाळेत तू पंप डब्याच्या रुमालात गुंडाळून न्यायचीस, मुली बघतील म्हणून, आणि सहलीला तर न्यायला विसरायचीसच. बाबा स्कूटरवरून तो द्यायला पार पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले होते. तीच पोरगी आता बायकांना शिकवणार, याचं अप्रूप बाबांनी अख्ख्या कॉलनीला सांगून झालंय. मी कुणाला सांगितलं नाही, फक्त शेजारच्या काकूंना आणि बँकेत.

धुण्याचं थोडक्यात. दर वेळी उरलेलं औषध फेकायचं, कप आणि मास्क धुवायचे, झटकायचे, स्वच्छ फडक्यावर उघडे वाळवायचे. रोज एकदा साबणाने. ओला कप डबीत बंद केला की त्यात जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी थेट छातीत जातात. उकळायचा की नाही ते त्या किटच्या कागदावर बघायचं, सगळी प्लास्टिकं टिकत नाहीत. लांब नळी धुवायची नाही. आत पाणी दिसलं तर नुसतं मशीन चालवून वाळवायची. एकाचा कप दुसऱ्याला नाही, नवराबायको असले तरी नाही.

खिडकी उघडी ठेवायची, मावशीने एन-९५ लावायचा. नेब्युलायझर घेताना माणूस खोकतो, आणि कुणाच्या खोकल्यात टीबी आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. वर्गातही सरावाला कपात साधं सलाईनच भर, औषध नको, आणि पाच-पाच मशीनं एकदम चालू करून बंद खोलीत उभी राहू नकोस. हे मावश्यांसाठी सांगतेय. तुझ्यासाठीही सांगतेय.

द्यायच्या आधी आणि नंतर पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, नाडी बघायची, लिहायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चुकतं. रुग्णाला एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ-नखं निळी, गुंगी, मिनिटाला तीसच्या वर श्वास, किंवा औषध देऊन फरक नाही, असं काही दिसलं तर आधी १०८, मग मुलगा, मग ब्यूरो. मदत येईपर्यंत कागदावर लिहिलंय तेच आणि तेवढंच द्यायचं. एकामागून एक कुपी ओतत पहाट व्हायची वाट बघायची नाही. लाईट गेली तर काय, हेही आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, बहुतेकदा पंप आणि स्पेसरवर तितकंच काम होतं.

‘समजलं का’ असं विचारू नकोस, सगळ्या मान डोलावतात. करून दाखव, करायला लाव, मग तिला शेजारणीला शिकवायला लाव. तिथे सगळं उघडं पडतं. तीन महिन्यांनी परत बघ, कारण पंपाची पद्धत हळूहळू घसरते, मावशीची काय आणि सिस्टरची काय.

बाबा मंगळवारी येतायत. त्यांच्याबरोबर दोन स्पेसर, सरावाचे रिकामे पंप आणि मेथीचे लाडू पाठवतेय. एक स्पेसर वर्गासाठी, एक तुझा, त्यावर मार्करने नाव घातलंय म्हणजे वर्गात जायचा नाही.

तुझी
आई

ता. क. सकाळचे दोन पफ झाले की मला नुसतं ‘हो’ पाठवत जा. झाले नसतील तर ‘नाही’ पाठव, मी फोन करणार नाही. रोज करणार नाही.