पडदा मोठा, पण मासा कोणता?

महोदय,

नाशिकमध्ये मत्स्यालयाचा विषय निघाला की आधी मोठ्या टच स्क्रीनची मागणी होते. पडदा काय, कोणीही बसवून देईल. समोर पोहणारा मासा नेमका कोणता, हे त्या पडद्याला कळायला हवे, आणि अडते ते तिथेच. ‘महसीर’ एवढ्या पाटीवर मुले पुढे सरकतात. ‘कल्ल्याजवळ वण असलेला, खाद्याला सगळ्यांत शेवटी येणारा’ असे वाचले की काचेला चिकटून त्याला शोधत बसतात.

कोई या शोभेच्या माशाच्या अंगावरचे डाग किंवा हम्बोल्टसारख्या पेंग्विनच्या छातीवरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे तिथे कॅमेऱ्यावर काम भागते. एकाच मापाच्या दहा महसीरांपुढे मात्र कॅमेरा गोंधळतो. त्यांच्यासाठी पीआयटी टॅग बरा. ही माशाच्या अंगात टोचायची, स्वतःचा वेगळा क्रमांक असलेली, जेमतेम १२ मिमी लांब, २ मिमी जाड काचेची नळी असते. तिला बॅटरी लागत नाही, १३४.२ किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर वाचली जाते. ती पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यावी, आणि बोटभर पिलांना तर नकोच. तिचा क्रमांक वाचणारी अँटेना खाद्य टाकण्याच्या जागी कड्यासारखी लावायची. मासा त्यातून गेला की शेजारच्या पडद्यावर त्याची माहिती येते.

फसते ते इथे: कडे लोखंडी सांगाड्याला टेकले की वाचनाचे अंतर घटते, म्हणून ते पीव्हीसी पाइपात बसवावे. पंपाचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी यंत्राजवळून केबल नेली तरी तोच त्रास. दोन मासे एकदम घुसले तर बहुधा एकाचाही क्रमांक वाचला जात नाही, म्हणून कडे एकच मासा मावेल एवढे ठेवावे. असे कडे इथल्याच सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये सहज तयार होईल.

काचेवरच पारदर्शक पडदा लावून माशाभोवती चौकोन दाखवायची हौस टाळावी. पाण्यातला मासा समोरून पाहताना खऱ्या अंतराच्या सुमारे पाऊणपटीवर दिसतो. त्यात पाहणारा हलला की चौकोन शेजारच्या माशावर! पडदा बाजूला, मंद उजेडाचा असावा, नाहीतर काचेत त्याचेच प्रतिबिंब दिसते. वीजजोडणीला गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी हवाच.

आणि मासा दगावला तर? पडद्यावर तो महिनोन्‌महिने जिवंत राहतो, कारण नोंद बदलायचा पासवर्ड ठेकेदाराकडे असतो. हा पासवर्ड रोज खाद्य घालणाऱ्या कर्मचाऱ्याकडे राहील, अशी अट निविदेतच घालावी.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक