डी थ्रीच्या भरवशावर रक्तस्राव अंगावर काढू नका

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गर्भाशयातल्या गाठी (फायब्रॉइड) आणि ड जीवनसत्त्व यांवर आलेला लेख वाचला. विषय छान निवडलात. लेखात खोटे असे काही नव्हते. पण संशोधन कुठवर आले आहे आणि कुठे अडले आहे, हे नीट उतरले नाही. त्याचा परिणाम फार्मसीच्या काउंटरमागे उभे राहणाऱ्या माझ्यासारखीला लगेच दिसतो. ‘ती गाठीवरची पावडर द्या’ म्हणत बायका येऊ लागल्या आहेत. ही पावडर म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉलचा, म्हणजे डी थ्री या ड जीवनसत्त्वाचा, 60,000 युनिटचा सॅशे. परवापर्यंत तो गुडघेदुखीवर खपत होता.

संबंध आहे, हे आधी मान्य करते. अमेरिकेत वॉशिंग्टनमधल्या 35 ते 49 वयाच्या 1,036 स्त्रियांची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी ताडून पाहिली गेली. तो अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या वर होते, त्यांना फायब्रॉइड असण्याची शक्यता सुमारे 32 टक्क्यांनी कमी दिसली. काळ्या त्वचेत हे जीवनसत्त्व कमी तयार होते आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत फायब्रॉइड जास्त, तेही कमी वयात. दोन्ही गोष्टी शेजारी मांडल्या की कोडे सुटल्यासारखे वाटते. पण वजन जास्त असलेल्या बाईचे ड जीवनसत्त्व चरबीत अडकून राहते, रक्तात कमी दिसते. आणि त्याच चरबीत इस्ट्रोजेन हे संप्रेरकही तयार होते, ज्यावर या गाठी पोसतात. मग दोष कुणाच्या माथी मारायचा? एकदाच घेतलेल्या रक्तावरून ते ठरत नाही.

डेट्रॉइटमध्ये 23 ते 35 वयाच्या 1,600हून अधिक कृष्णवर्णीय तरुणींवर काही वर्षे लक्ष ठेवून पुन्हा पुन्हा सोनोग्राफी केली गेली. 2022 साली आलेला निष्कर्ष असा, की 20च्या वर पातळी असलेल्यांत गाठींची वाढ सुमारे 10 टक्क्यांनी कमी होती. गाठ नाहीशी झाली असे त्यात कुठेही नाही. इटली आणि इराणमध्ये कमतरता असलेल्या स्त्रियांना प्रत्यक्ष गोळ्या देऊन लहान चाचण्या झाल्या. काही ठिकाणी गाठी थोड्या आक्रसल्या, काही ठिकाणी वाढायच्या थांबल्या. आशा वाटावी असे आहे, पण गर्भाशयाची पिशवी वाचेल अशी हमी देण्याएवढे नाही.

गाठी ‘75 टक्क्यांनी’ लहान होतात, या लेखातल्या आकड्याबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे होते. तो आकडा 2012 सालच्या एका प्रयोगातला आहे आणि तो उंदरांचा आहे. त्या जातीच्या उंदरांत जनुकातल्या दोषामुळेच अशा गाठी होतात. त्यांना दिले तेही सॅशेतले औषध नव्हे. सॅशेतले कोलेकॅल्सिफेरॉल आधी यकृतात, मग मूत्रपिंडात बदलते आणि तेव्हा त्याचे कॅल्सिट्रायॉल हे कार्यक्षम रूप तयार होते. उंदरांना थेट कॅल्सिट्रायॉल दिले होते. आपले शरीर त्याचे प्रमाण फार काटेकोर सांभाळते. तुम्ही दुप्पट सॅशे घेतले म्हणून ते दुप्पट तयार होणार नाही. रक्तातले कॅल्शियम मात्र वाढेल.

उन्हाचेही तसेच. ‘सकाळचे कोवळे ऊन’ हा आपल्याकडचा आवडता सल्ला, पण त्वचेत ड जीवनसत्त्व बनवणारे किरण त्या उन्हात नगण्य असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, त्या वेळचे ऊन लागते. काचेतून आलेलेही चालत नाही. गोव्यात ऊन भरपूर, मग कमतरता कशी, असे लोक विचारतात. पणजीला नोकरीवर जाणारी मुलगी पाहा ना : हेल्मेट, तोंडाला स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, मग दिवसभर एसी. शिवाय पावसाळ्यात आभाळ भरलेले असतानाच यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद. ड जीवनसत्त्व देणारे तारले-बांगडे ताटात परतेपर्यंत श्रावण लागतो आणि चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत पुष्कळ घरांत नुस्ते, म्हणजे मासे, शिजत नाही. अंड्याचा बलक आणि ‘प्लस एफ’ खुणेचे, म्हणजे अ आणि ड जीवनसत्त्व घातलेले दूध व तेल, एवढाच आधार उरतो. तेव्हा कमतरता असेल तर ती भरून काढावीच. हाडांसाठी तरी काढावीच.

माझी तक्रार पुढची आहे. मागे एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, बसमधून उतरून चढण चढून आल्या म्हणून धापा टाकत होत्या. सॅशेचे रिकामे पाकीट पुढे करून ‘हेच आणखी द्या’ म्हणाल्या. पैसे मोजताना नखे दिसली, पांढरी फटक. विचारले तर म्हणाल्या, ‘अंगावरून फार जातं, गाठी आहेत. पण आता ही पावडर चालू आहे ना.’ हातातल्या पिशवीत रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन 7.2. म्हणजे ड जीवनसत्त्वाची महागडी तपासणी झाली होती, त्यावर उपायही चालू होता आणि रक्त मात्र महिन्यामागून महिना वाहून जात होते. प्रौढ बाईचे हिमोग्लोबिन 12च्या खाली गेले की तो रक्तक्षय धरतात; सातावर आलेल्या बाईने गाठ विरण्याची वाट पाहत बसायचे नसते. मी त्यांना पावडर न देता त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवले.

त्यांना लोहाची गोळी मिळत होती, हेही सांगायला हवे. पण ती त्या वेगळ्या चालू असलेल्या कॅल्शियम-डी थ्रीच्या गोळीसोबतच घेत होत्या, वर चहा. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोह शोषू देत नाहीत. डी थ्रीची गोळी बहुतेक वेळा कॅल्शियमसकट येते, त्यामुळे ही गफलत सर्रास होते. लोह दुपारी आणि कॅल्शियम रात्री जेवल्यावर, एवढी फारकत केली तरी पुरे. चिठ्ठीवर हे कुणी लिहीत नाही.

चिठ्ठीवर आणखीही एक गोष्ट नसते. 60,000 युनिटचा सॅशे आठवड्यातून एकदा घ्यायचा असतो, साधारण आठ आठवडे. डॉक्टर इंग्रजी आद्याक्षरांत काहीतरी खरडतात आणि घरी तो रोज दुधातून घेतला जातो, कारण पावडर म्हटली की रोजचीच वाटते. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीतून सहज निघून जात नाही. मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान, लघवीला वरचेवर जाणे ही कॅल्शियम वाढल्याची लक्षणे. पुढे मूत्रपिंडावर बेतते. सहा लाखांचे इंजेक्शन घेऊन वर सॅशे चालू ठेवणारेही आहेत. फोंड्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की सॅशेवर ‘फक्त रविवारी’ असे मराठीत किंवा कोकणीत पेनाने लिहून द्या.

दुसऱ्या टोकाबद्दलही लिहिते, नाहीतर हे पत्र शस्त्रक्रियेच्या बाजूचे वाटायचे. गाठ दिसली की पिशवी काढा, हा सल्लाही आपल्याकडे उदंड मिळतो. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने 2022 साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि एप्रिल 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करा असे राज्यांना बजावले. जिच्या गाठी त्रास देत नाहीत, तिने नुसते लक्ष ठेवले तरी चालते. पाळी गेली की त्या बहुधा आपोआप आकसतात. कर्करोग त्यात अत्यंत विरळ. त्रास असेल तर रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल आहे, फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया आहे, गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपाय आहे. पावडर आणि पिशवी काढणे यांच्यामध्ये एवढे सगळे असताना माझ्या काउंटरवर येणाऱ्या बायकांनी यातले निम्मेही ऐकलेले नसते.

म्हणून सुचवते, की पुरवणीत पुढचा लेख याच मधल्या उपायांवर घ्यावा, तोही बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून लिहून घेऊन. कोणत्या बाईला कोणता उपाय, खर्च किती, राज्याच्या आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डावर त्यातले काय बसते, हे त्यात असावे. आणि त्या लेखाच्या वर ठळक अक्षरांत ‘आधी हिमोग्लोबिन तपासा’ एवढे जरूर छापा.

कळावे,

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक,
फोंडा, गोवा