कुंपणापलीकडचं जंगल

मॅकेन्झी नदीचं खोरं, ऑरेगन, अमेरिका
२० जून

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "वणव्याची एवढी भीती, तर तिथे राहता कशाला?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या कुंपणापलीकडे एका लाकूड कंपनीची खाजगी जमीन आहे. डग्लस फर या सूचिपर्णी झाडांची लागवड, सगळी एकाच वयाची, दाटीवाटीने वाढलेली. अशा झाडोऱ्यात आग खालून शेंड्यापर्यंत सहज चढते. ७ सप्टेंबर २०२० ला पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि लागलेल्या आगीत या खोऱ्यातलं सुमारे १ लाख ७३ हजार एकर रान जळालं. ब्लू रिव्हर गावाची तर राखच झाली. सरकारी जंगल, कंपन्यांची लागवड, लोकांची घरं, आगीने सातबारा विचारला नाही.

बाबा, तुम्ही पावसाळा सरला की कलमांची बेणणी करून बागेभोवती जाळरेषा काढता ना, आमचंही तेच चाललंय. घराला लागून पाच फुटांत जळेल असं काही ठेवायचं नाही. भिंतीलगत झाडांच्या सालींचा थर होता, तो उचलून खडी टाकली. शनिवारी शिडी लावून पन्हळी साफ केल्या. फरच्या वाळलेल्या सुया दोन बादल्या निघाल्या! मुठीत दाबल्या की कुरकुर मोडतात. घरं बहुतेकदा वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. या सुयांत एक जरी पडला असता तर? छपराखालच्या झरोक्यांनाही बारीक जाळी ठोकली.

पण आपल्या अंगणापुरतं करून भागत नाही. कंपनीच्या तोडणीनंतरच्या फांद्यांचे ढीग दोन वर्षं आमच्या हद्दीला तसेच पडून होते. इथून बाहेर पडायला रस्ता एकच, दोन्ही बाजूंना त्यांचीच झाडं. शेवटी आम्ही आठ घरं मिळून त्यांच्या माणसाला भेटलो, रस्त्यावरून चालत नेऊन सगळं दाखवलं. रस्त्याकडेची झुडपं आणि खालच्या फांद्या त्यांनी काढल्या. ढीग पाऊस लागल्यावर जाळणार आहेत. धोका वाढला की दुपारी १ नंतर जंगलात यांत्रिक करवत चालवायलाही बंदी असते, ती ते पाळतात. बोलल्याशिवाय हे झालं नसतं, बाबा.

आपल्या बागेच्या वरच्या अंगाला मुंबईकरांची पडीक जमीन आहे. दिवाळीच्या आत, गवत वाळायच्या आधी, त्यांना फोन कराच. नंबर आईच्या वहीत आहे.

तुमची,
बाय