विषय: ‘द मिरर’ या चित्रपटाऐवजी त्याच नावाचा दुसराच चित्रपट दाखवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि.

आपल्या ॲपवर मी इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींचा ‘द मिरर’ (१९९७) पैसे भरून भाड्याने घेतला. पोस्टर त्याचंच होतं, माहितीही त्याचीच: शाळा सुटल्यावर आई न्यायला आली नाही म्हणून तेहरानच्या रस्त्यांवरून एकटीच घरी निघालेली मीना. सुरू झाला तो मात्र आंद्रेई तार्कोव्हस्कींचा १९७५ चा रशियन ‘मिरर’. शिवाय सबटायटल्स पनाहींच्या चित्रपटाची! दिग्दर्शकाचे कवी वडील आर्सेनी तार्कोव्हस्की स्वतःच्या आवाजात कविता वाचताहेत आणि खाली बसची चौकशी चालली आहे.

तक्रार केली, तर ‘चित्रपटाचे नाव जुळत असल्याने परतावा मिळणार नाही’ असं उत्तर आलं. माझा खरा राग या उत्तरावर आहे. नाव जुळलं की चित्रपट जुळला, असं चित्रपट विकणाऱ्यांनीच म्हणावं? तार्कोव्हस्कींनी बालपण, युद्ध आणि आई यांच्या आठवणी काळाचा क्रम मोडून मांडल्या. अभिनेत्री मार्गारिता तेरेखोवा त्यात आईही आहे आणि पत्नीही. पनाहींच्या चित्रपटात छोटी मीना मध्येच अभिनय थांबवून हातावरचं खोटं प्लास्टर काढते, ‘मला आता काम करायचं नाही’ म्हणत बसमधून उतरते आणि कॅमेरा तिच्या मागे मागे जातो. लोकार्नो चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, सुवर्ण बिबट्या, मिळवणारा हा चित्रपट मला पाहायचा होता. दोन्ही मोठे चित्रपट आहेत. आपण दोन्हींवर अन्याय केलात.

आपल्याकडे बाँग जून-हो यांच्या कोरियन ‘द होस्ट’ (२००६) खाली २०१३ च्या अमेरिकी ‘द होस्ट’चे अभिप्राय दिसतात, तेही याच कारणाने.

२०२५ मध्ये पनाहींना कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, मिळाल्यापासून अनेकजण त्यांचे जुने चित्रपट शोधताहेत. २०१० मध्ये या माणसावर त्याच्याच देशात वीस वर्षं चित्रपट न करण्याची बंदी घातली गेली. त्याचा चित्रपट इथे निव्वळ आपल्या निष्काळजीपणामुळे सापडू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

माझे पैसे परत करावेत आणि योग्य चित्रपट योग्य सबटायटल्ससह लावावा. प्रत्येक नावाखाली दिग्दर्शक, वर्ष, देश आणि भाषा ठळक द्यावी, अभिप्रायही वेगळे करावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन. पैसे भरल्याची पावती आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपली,
एक सशुल्क सदस्य