वहीत नसलेला हिशेब

किल्ले धारूर, जि. बीड
६ एप्रिल २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मागच्या आठवड्यात मिळाले. उत्तराला उशीर झाला, कारण याच आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतल्या आणि तू ज्यांची गाणी मागितली आहेस त्या बायका घरी सापडण्याचे दिवस हेच आहेत. दसरा-दिवाळीला गेलेली माणसे पाच महिन्यांनी येतात, तेव्हा पहिले दोन दिवस घर झाडण्यात आणि लेकरांना दवाखान्यात नेण्यात जातात. तिसऱ्या दिवशी ओट्यावर कोणी तरी गुणगुणू लागते, म्हणून मी तिसऱ्या दिवसाची वाट पाहिली.

१ मेच्या कार्यक्रमासाठी मराठवाड्यातील कष्टकऱ्यांची दहा-बारा गाणी निवडून पाठव, असे तू लिहिले आहेस, आणि पुढे एक सूचनाही केली आहेस : आकडे, गावांची नावे आणि मुकादमावरच्या, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदारावरच्या, ओळी शक्य तेथे गाळाव्यात, म्हणजे गाणी सर्वांना आपली वाटतील. गाणी मी पाठवीत आहे, पण ती सूचना मी पाळलेली नाही. आपली मैत्री मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहातील एकाच खोलीत रुजलेली असल्यामुळे मला हे स्पष्ट लिहिता येते. तू जे गाळायला सांगतोस तेच या गाण्यांचे मूळ काम आहे, अशी माझी समजूत झाली आहे, आणि ती कशी झाली हे सांगण्यासाठीच हे पत्र लांबणार आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी सातवीत होतो. आमची माय गावाबाहेरच्या खडी केंद्रावर जात असे. सुट्टीच्या दिवशी मी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन तिच्याजवळ बसे. दगड फोडायचा, खडीचा ढीग लावायचा आणि आठवड्याने ओव्हरसियर येऊन तो ढीग मोजणार, त्या मापावर मजुरी ठरणार, अशी ती व्यवस्था होती. ढीग सैल रचला तर माप वाढते म्हणून तो पायाने दाबून पाहिला जाई, आणि दाबल्यावर जे उरे त्याचेच पैसे मिळत. सुकडी मिळे, मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळे, आणि मिलोच्या भाकरीला वावरातल्या ज्वारीची चव नाही म्हणून म्हातारी माणसे कुरकुरत खात. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, हे मी पुढे पुस्तकांत वाचले. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा याच अनुभवातून उभा राहिला, हेही वाचले. परंतु त्या आकड्यांपूर्वी माझ्याकडे मायची ओवी होती :

खडीच्या ढिगाला गं, सायबानं लावली टेप
घागरभर पान्याला, दोन कोसाची खेप

या दोन ओळींत दुःख असा शब्द नाही, भूक असाही नाही. एका बाजूला साहेबाने मोजलेले काम आहे आणि दुसऱ्या बाजूला कोणीच न मोजलेले, आणि मायने दोन्ही शेजारी ठेवून दिले आहेत. मस्टरवर तिच्या नावापुढे दगडाची नोंद होती, पाण्याच्या खेपेची नव्हती. तिला लिहिता येत नव्हते, त्यामुळे राहिलेली नोंद तिने गाऊन केली. तू जर ‘दोन कोसाची’ काढून ‘लांबलांबची’ असे काही घातलेस, तर सुरावर फारसा परिणाम होणार नाही, पण मायचा हिशेब मात्र बुडेल.

ओवी ही मुळात जात्याची. पहाटे तीनला उठून एकटीने किंवा दोघींनी दळायचे आणि घरातील बाकीची माणसे झोपेत असताना जात्याशी बोलायचे, हा शेकडो वर्षांचा प्रघात पिठाच्या चक्कीने मोडला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या नसत्या, तर तो सगळा ठेवा पिठाबरोबर उडाला असता. त्यात आपल्या माजलगावचे भीमनगरही आहे. १९९६ साली तेथील बायकांच्या ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या त्यांत बाबासाहेब घरातल्या माणसासारखे येतात, भावासारखे आणि बापासारखे. आपल्याकडच्या पंडितांना याचे आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या दाणे-पिठाचा हिशेब पाहिला, तिला आपल्या बाजूने हिशेब मांडणारा पहिला माणूस भेटल्यावर ती त्याला जात्यापाशी आणून बसवणारच.

माझी आजी निजामाच्या अमदानीतली. तिच्या ओव्यांत वेठ होती. गढीवर कोणी कोणत्या सणाला किती पायल्या दळल्या आणि मोबदल्यात काय मिळाले, हे ती नावानिशी म्हणत असे आणि मिळालेल्या वस्तूंची यादी बहुतेक वेळा एका ओळीतच संपत असे. देशाने वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ साली केला. आजी त्यानंतरही काही वर्षे होती, पण तिने ती ओवी बदलली नाही. कायदा झाला म्हणून झालेले दळण परत येत नाही, असे काहीसे तिचे म्हणणे असावे. मी तिला कधी विचारले नाही, याची मला आज खंत आहे.

येथे एक गोष्ट तुला लिहितो, जी कार्यक्रमात सांगणे तुला जड जाईल. आपल्या भागातील गाण्यांत रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचा सशस्त्र स्वयंसेवक, जागोजाग आहे आणि तो असायलाच हवा. पण सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर झालेल्या पोलीस कारवाईनंतर जे मुसलमान मारले गेले, ज्यांत विणकर होते, शेतमजूर होते, त्यांच्यासाठीची ओवी मी इतकी वर्षे गाणी गोळा करूनही माझ्या कानांवर आली नाही. केंद्र सरकारने चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीने त्या मृत्यूंचा किमान अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला होता आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत आपले उस्मानाबाद आणि नांदेड होते. म्हणजे आपली वही सुद्धा पूर्ण नाही. ज्यांच्या वस्त्यांत मी कधी वही घेऊन गेलो नाही, त्यांच्याकडे ती पाने असतीलही. सत्तरीकडे झुकलेल्या वयात मी आता तिकडे जाऊ लागलो आहे, चहा मिळतो, गाणे अजून मिळालेले नाही.

१९७८ चे तुला काय सांगावे? २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, नामांतराचा ठराव झाला आणि आठवडाभरात आपल्या वस्त्या जळू लागल्या, तेव्हा आपण दोघे एकाच ट्रंकेवर बसून रेडिओ ऐकत होतो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली आणि त्यांचे नाव वस्तीवस्तीतल्या गाण्यांत आले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत ती साडेपंधरा वर्षे गायनपार्ट्यांनी ढोलकी-पेटीवर जागती ठेवली. त्या गाण्यांत गावांची नावे एकामागून एक येत, जणू शाळेत हजेरी घेतली जात आहे. तेव्हा ते आपल्याला कंटाळवाणे वाटे आणि आपल्याला चालींची घाई असे. आज माझ्या वहीत त्या गाण्यांच्या चाली नीट उतरलेल्या नाहीत, पण गावांची नावे उतरली आहेत, आणि वर्तमानपत्रांची कात्रणे काढून बसलो तर ती ताडून पाहता येतात. एकदा ताडून पाहताना कात्रणांत नसलेले एक गाव गाण्यात निघाले. मी तेथे जाऊन आलो. जळालेल्या घराचा चौथरा म्हाताऱ्यांनी मला दाखवला.

आता ऊसतोडीकडे वळतो, कारण तुझा मुख्य आग्रह तिथेच आहे.

अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड आपण वसतिगृहात किती वेळा म्हटली असेल! संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली ती रचना, आणि तिच्यात मुंबईला गेलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. गिरणीच्या स्थलांतराचे ते खरे चित्र होते. पण आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात ते चित्र लागू पडत नाही. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतून जो मजूर कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातो, तो जोडीनेच जातो. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती ‘एका कोयत्याला’, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. गावावर राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची हजेरी टिकावी म्हणून मागे ठेवलेली लेकरे. म्हणून आमच्याकडच्या गाण्यात विरह फार कमी आहे. पहाटे फडात गडी ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, मग कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, येऊन चूल पेटवते. इतक्या जवळ असलेल्या माणसासाठी झुरायचे कसे? तिथे जी ओवी निघते ती अशी :

आर्धा कोयता त्येचा गं, आर्धा कोयता माझा
वहीमंदी नाव त्येचं, मोळीचा भार माझा

मुकादमावरच्या ज्या ओळी तू गाळायला सांगितल्यास, त्यांतलीच ही एक. अरे, ही वही मुकादमाची. तिच्यात उचल लिहिलेली असते, खाडा लिहिलेला असतो. बाई बाळंत झाली किंवा तापाने पडली तरी कामाला न आलेला दिवस हा खाडाच, आणि त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाबरोबर जावे लागते. या सगळ्या व्यवहारात अर्धे काम करणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही पानावर नाही. ते फक्त या ओवीत आहे, आणि तेही ‘माझा’ एवढ्याच शब्दात.

गेल्या वर्षी जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. आमच्या गल्लीतली एक बाई टनाचा जुना दर असलेली एक ओळ नेहमी म्हणते. मी तिला विचारले, आता ओळ बदलणार का? ती म्हणाली, “गुरुजी, वाढ कानावर आलीय, हातावर येऊ द्या. हिशेब झाल्यावर बदलीन.” परवा ती परतली. ओळ जुनीच आहे.

काही गाणी मला मिळालेली नाहीत आणि मिळणारही नाहीत, कारण मी पुरुष आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला. सरकारी समितीपुढे जी पाहणी आली तिच्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे, हे गणित त्यामागे होते, आणि भीती दाखवून शस्त्रक्रिया करणारे दवाखानेही होते. आमच्या घरातून मला कळते की यावरही बायका बायकांत काही म्हणतात. मी ओट्यावर गेलो की ते थांबते. मी त्यासाठी हट्ट धरला नाही. माझ्या सुनेने ते ऐकले आहे, लिहून घेऊ का म्हणून तिने त्या बायकांना विचारले, आणि त्यांनी नको म्हटले. तेव्हा तुझ्या कार्यक्रमात या विषयाची जागा रिकामी राहील. तेथे दुसऱ्या कोणाची कविता घालून ती भरू नकोस, एवढी विनंती आहे.

‘सर्वांना आपले वाटावे’ ही तुझी चिंता मला कळते. सभागृहात नोकरदार येतील, त्यांची मुले येतील, मुकादमाचे नाव ऐकून त्यांना काय समजणार, असे तुला वाटते. पण ज्या साखरेचा चहा ते मध्यंतरात पिणार आहेत, तिची मोळी कोणी वाहिली हे त्यांना टनाच्या आकड्यासकट ऐकू दे. तुझ्या निवेदकाला ‘उचल’, ‘खाडा’, ‘कोयता’ हे तीन शब्द आधी समजावून सांगायला सांग, पाच मिनिटे पुरतात. मी आठवीच्या वर्गाला ते सांगितले आहे. वर्गातली अर्धी मुले मलाच दुरुस्त करीत होती, कारण त्यांच्या घरात ते शब्द रोजचे होते.

बारा गाण्यांची वही या पत्रासोबत आहे. प्रत्येक गाण्याखाली ते कोठे, कोणत्या कामावर ऐकले ते लिहिले आहे. म्हणणारीने परवानगी दिली तेथेच तिचे नाव घातले आहे. तीन ठिकाणी नाव नाही, ते तसेच ठेव.

शेवटी व्यवहाराचे. खडीची आणि कोयत्याची ओवी म्हणायला आमच्या गल्लीतल्या दोघी येण्यास तयार आहेत. तुझ्या पत्रात शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह असे लिहिले आहे, ते मी त्यांना वाचून दाखवले. थोरलीने विचारले, “अन् हजेरी?” जाण्यायेण्यात दोन दिवस जातात आणि सध्या त्यांना हळद काढण्याचे काम मिळते आहे. तेव्हा दोघींची दोन दोन दिवसांची हजेरी, गावच्या चालू दराने, तुझ्या खर्चात धर आणि ती कार्यक्रमाआधी दे. एसटीत त्यांना अर्धे तिकीट आहे, माझे पूर्ण लागेल, ते मी भरीन. मुक्काम तुझ्या घरी. वहिनींना सांग, थोरलीला रात्री भात चालत नाही, भाकरी लागते.

तुझा,
मास्तर